बोरगावकर डॉक्टरांची बटणं

आमच्या बोरगावकर डॉक्टरांच्या शर्टाला वरून दुसरं बटण नव्हतं, कारण ते शहपुऱ्याच्या एका बैलाच्या पापणीवर होतं. तिसरं बटण कमानिया गेटजवळच्या मिठाईवाल्याच्या कुत्र्याच्या डोळ्यावर. अन् बाहीचं कुठे गेलं ते त्यांना स्वतःलाच आठवत नव्हतं. "कोणत्यातरी बकरीकडे असेल," म्हणायचे, "आणून देतील."

मी गंमत नाही करून राहिली. थांबा, नीट सांगते. मला घाई फार होते, आई म्हणते तू बोलतेस पण टायपिंगच्या स्पीडनं.

डॉक्टर आमच्या जबलपूरच्या जनावरांच्या कॉलेजात सर्जरी शिकवतात. म्हणजे कागदावर सर्जरी. खरं म्हणजे ते फक्त डोळा शिकवतात. गाईचा, घोड्याचा, कुत्र्याचा, एकदा सर्कसवाले आले होते तेव्हा उंटाचा. बाकीचं जनावर त्यांच्या लेखी डोळा उभा ठेवायला दिलेला स्टँड आहे. पोरांना हाडं शिकवायची वेळ आली की दहा मिनिटांत हाड संपवून म्हणणार, "चलो, आता वर या, डोळ्याकडे."

तर बटणांचं असं आहे की जनावराला डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात एक तिसरी पापणी असते. मलाही इथे नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं. डोळ्याला काटा लागून जखम झाली, औषधानं भरत नसली, की डॉक्टर ती तिसरी पापणी जखमेवर ओढून घेतात अन् वरच्या पापणीला शिवून टाकतात. डोळ्यावर त्याचीच गोधडी. आत अंधारात, ओलाव्यात, जखम आपली आपण भरते. पण धागा कातडीत रुतू नये म्हणून बाहेरून त्या धाग्यात एक बटण ओवायचं असतं. साधं शर्टाचं, उकळून घेतलेलं. बटणांचा पुडा त्यांच्या ड्रॉवरमध्ये कायम असतो, फक्त ऐन वेळेला तो कोणालाच सापडत नाही. मग डॉक्टर कात्री उचलतात अन् आपल्याच छातीकडे वळतात.

कमानिया गेटच्या बटणवाल्याकडे मी एकदा त्यांच्यासोबत गेली होती. त्यानं मोठ्या हौसेनं डबे उघडले. "साब, कमीज के लिए कि कोट के लिए?"

"भैंस के लिए," डॉक्टर म्हणाले.

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, की हो, म्हशीसाठीच. त्यानं तो डबा बंद केला अन् सगळ्यात मोठ्या बटणांचा पुढे केला.

आईला हे सांगितलं तर ती हसली, मग म्हणाली, "पण काहून ग, घरी कोणी नाही का त्या माणसाला बटण लावून द्यायला?"

"मला काय माहीत," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. डॉक्टरांच्या बोलण्यात घर यायचंच नाही.

मी त्यांच्या विभागात टायपिस्ट आहे. आम्ही राहतो खमरियाला, बाबा तिथल्या तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत आहेत, क्वार्टर तिथेच. पहिल्या दिवशी मी अर्ज घेऊन डॉक्टरांसमोर उभी राहिली, तर नाव नाही, गाव नाही, खिशातून पेन्सिलीएवढी टॉर्च काढली अन् थेट माझ्या डोळ्यात. "इकडे बघ. वर बघ. हं. डाव्या डोळ्यात बुबुळावर ठिपका आहे तुझ्या. जन्माचा आहे. काही नाही होत."

"सर, मी टायपिंगसाठी आली आहे," मी म्हटलं.

"टाइप कर ना मग. ठिपक्यानं काही अडत नाही."

तेव्हापासून माझं नाव ठिपके. कुंदा हे नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. कॉलेजात कोणाचंच नाव त्यांना येत नाही, डोळे येतात. प्रिन्सिपलसाहेब म्हणजे "पिवळसर". त्यांचे ज्युनियर डॉक्टर सक्सेना म्हणजे "जवळचा नंबर". चपराशी मोहन म्हणजे "झोप कमी". एकदा स्टाफरूममध्ये कोणाच्या लग्नाची गोष्ट चालली होती. डॉक्टर विचारू लागले, "कोण, ते उजवीकडे जरा तिरळे डोळे? अच्छा अच्छा, चांगली मुलगी आहे." ती मुलगी मागेच बसली होती.

अन् तोंडात एकच वाक्य: "पहिले बघा, मग बोंबला." वर्गात हेच, गोठ्यात हेच, प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये हेच. शेतकरी येतो, रडून राहिला असतो की साब बैल गेला, आंधळा झाला, डॉक्टर म्हणतात, "पहले देखो, फिर रोओ." त्यात त्यांची टॉर्च जनावराच्या आधी शेतकऱ्याच्याच डोळ्यात जाते ती वेगळी.

आता त्यांचं एक मोठं दुःख सांगते. दुःख म्हणजे अंधारी खोली.

डोळा आतून बघायचा तर अंधार लागतो. उजेडात बाहुली बारीक होते, आतलं काही दिसत नाही. माणसाच्या डॉक्टरकडे पडदे लावलेली छोटी खोली असते, पण बैल त्या खोलीत कसा घालणार? डॉक्टरांना बैल मावेल अशी अंधारी खोली पाहिजे होती. किती वर्षांपासून मागून राहिले होते कोणास ठाऊक. प्रत्येक वेळी वरून उत्तर येतं, की बघू. अन् प्रत्येक वेळी डॉक्टर म्हणतात, "अरे, तेच तर! बघण्यासाठीच पाहिजे!"

प्रिन्सिपलसाहेब बिचारे चांगले आहेत, पण एकदा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बोरगावकर, आँख होती कितनी है, दो इंच की. उसके लिए पूरा कमरा?" डॉक्टरांनी टॉर्च काढली, त्यांच्या डोळ्यात पाहिलं अन् म्हणाले, "लिव्हर दिखवा लीजिए, साब." त्यांनी दाखवलं, तर खरोखरच काविळीची सुरुवात निघाली. बरे होऊन आले, पेढेही आणले. खोली तरीही नाही मिळाली.

मग लढाई लागली.

लढाईचे दिवस आमच्या जबलपूरला कसे होते ते इथल्यांना सांगायला नको. फॅक्टऱ्यांमध्ये रात्रंदिवस काम. बाबा डबल शिफ्ट करून यायचे अन् जेवता जेवता बसल्या जागी झोपायचे. खिडक्यांना काळे कागद, गाड्यांच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, सायरन वाजला की सारे जिन्याखाली. अंधार पडला की अख्खं शहर गुडुप. आई देवासमोर दिवा लावायची तोही परडीखाली झाकून.

सारे घाबरलेले. एकटे बोरगावकर डॉक्टर खूश!

"ठिपके," मला म्हणाले, "एवढी मोठी अंधारी खोली हिंदुस्थानात कोणाला मिळाली आहे? सारं जबलपूर!"

मी म्हटलं, "सर, वर विमान आलं तर?"

"ते येईल तेव्हा येईल. तोवर दोन म्हशी बघून होतात."

अन् रोज संध्याकाळी, दिवे गेले की हे आपली टॉर्च घेऊन कॉलेजच्या मागच्या गोठ्यात. टॉर्चच्या तोंडावर तपकिरी कागद लावला होता, कायद्याप्रमाणे. पण कायद्यात म्हशीच्या डोळ्याबद्दल काही लिहिलं नव्हतं. म्हशीच्या डोळ्यात मागच्या बाजूला आरशासारखा एक पडदा असतो, त्यावर थोडासा उजेड पडला तरी तो हिरवा चमकतो. डॉक्टर एका म्हशीला बघायचे, तर तिच्या रांगेतल्या बाकीच्या साऱ्या, कोण आलं म्हणून, माना वळवायच्या. आता तुम्ही लांब रस्त्यावर उभे आहात असं समजा. पूर्ण अंधार. अन् लांब कुठेतरी हिरवे दिवे दोन-दोनच्या जोडीनं लागतात, विझतात, पुन्हा लागतात.

आमच्या मोहल्ल्यात दिवे विझले का ते बघणारे वॉर्डन तिवारीजी एका रात्री तिकडून सायकलवर येऊन राहिले होते. त्यांनी पाहिलं अन् त्यांची सायकल नालीत गेली. दुश्मनाला इशारे! तेही हिरव्या दिव्यांनी! शिट्टी फुंकत पळाले, चार स्वयंसेवक, दोन पोलीस जमा केले, गोठ्याला घेरा घातला. "हाथ ऊपर! बाहर निकलो!"

आतून आवाज आला, "ठहरो भैया, जरा ठहरो, हिलाओ मत इसको!"

"किसको? अंदर और कौन है?"

"बारह हैं!"

पोलिसांनी म्हणे बंदूक भरली. मोहन चपराशी तिथेच होता, त्यानंच हे सारं मला सांगितलं. सांगताना सुद्धा त्याचे दोन्ही हात वरच होते. शेवटी तिवारीजी आत शिरले, तर काय, डॉक्टर एका म्हशीच्या गळ्यात हात टाकून उभे, टॉर्च तिच्या डोळ्यावर. तिवारीजी ओरडणार इतक्यात डॉक्टर म्हणाले, "इधर आओ. पहले देखो, फिर चिल्लाओ." अन् त्यांची मान पकडून म्हशीच्या डोळ्यासमोर नेली.

तिवारीजी मग कितीतरी वेळ पाहतच राहिले. मोहन म्हणतो त्यांची शिट्टी तोंडातून पडली. आतमध्ये, त्यांनी आम्हाला नंतर घरी येऊन सांगितलं, हिरवं, निळं, जांभळं, मोराच्या पिसासारखं काहीतरी होतं. "काय भाभी," आईला म्हणाले, "भैंस के भीतर इत्तो सुंदर! हम तो जिंदगी भर बाहर से ही देखत रहे." मग पोलिसांनीही पाहिलं. मग स्वयंसेवकांनी रांग लावली. जाता जाता डॉक्टरांनी तिवारीजींच्याही डोळ्यात पाहून घेतलं अन् मोतीबिंदू सुरू होऊन राहिला म्हणून सांगितलं. रात्रीचा पहारा नको करू म्हणाले, दिसत नाही म्हणून नालीत पडलास.

पण ब्लॅकआउटची दुसरी बाजू पण होती ना. लोक अंधारात धडपडत होते. जनावरं पण.

रज्जू भैयाचा टांगा आमच्या क्वार्टरच्या साऱ्यांचा. सकाळी शिफ्टवाल्यांना फॅक्टरीच्या गेटवर सोडायचा, मग मला अन् दोन मास्तरणींना शहरात आणायचा. त्याची घोडी चमेली. पांढरी, जरा लठ्ठ, सिव्हिल लाइन्सचा चढ आला की थांबून मागे वळून पाहणारी, की उतरता का कोणी. बायको गेल्यावर रज्जूला घरात बोलायला ती एकच. त्याचं सारं आयुष्य त्या लगामावर चालतं.

एका संध्याकाळी बिनादिव्याचा टांगा घेऊन येताना समोरून ट्रक आला, रज्जूनं बाजूला घेतलं अन् चमेलीचं तोंड बाभळीत गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टांगा नाही म्हणून मी चालत त्याच्याकडे गेली, तर तो घोडीसमोर बसलेला. तिचा डावा डोळा सुजून बंद, पाणी गळून राहिलेलं. तिथेच एक दलाल उभा. तो म्हणत होता की कानी, म्हणजे एका डोळ्यानं आंधळी, घोडी टांग्याला चालत नाही, सवारी बसत नाही, आजच देऊन टाक. टांग्याची घोडी कानी झाली की ती कुठे जाते, हे रज्जूलाही माहीत होतं अन् मलाही.

"रज्जू भैया," मी म्हटलं, "पहले देखो, फिर रोओ." माझ्या तोंडून आपोआपच निघालं. "चलो, कॉलेज."

डॉक्टरांनी चमेलीला पाहिलं. पिवळं औषध टाकलं, जखम असली की ते हिरवं दिसतं. डोळ्याचा अर्धा भाग हिरवा झाला. मी डॉक्टरांचं तोंड पाहिलं अन् मला समजलं की गोष्ट मोठी आहे, कारण ते बोंबलले नाहीत.

"बचेगी?" रज्जूनं विचारलं.

"शिवावं लागेल," ते मला म्हणाले, मग त्याला, "आँख बंद करनी पड़ेगी. तीन हफ्ते. कोई नहीं देखेगा. मैं भी नहीं."

"साब, हमने तो आँख बचाने को कहा था, आप तो किवाड़ ही बंद कर रहे!"

"किवाड़ बंद करके ही तो बीमार सोता है, भैया."

ड्रॉवरमध्ये पुडा सापडला नाही. डॉक्टरांच्या शर्टाचं खालचं शेवटचं बटण गेलं. चमेलीला सुन्न करायचं इंजेक्शन दिलं, मोहननं अन् रज्जूनं तोंड धरलं, मी बाहेर उभी राहून पळून जावं की आत बघावं ते ठरवत होती, तोवर आटोपलं. पांढऱ्या पापणीवर एक निळं बटण. रज्जू तिच्याकडे पाहून एकदम म्हणाला, "दुलहन लग रही ससुरी," अन् रडायला लागला.

अन् मग सुरू झाले ते तीन आठवडे. देवा!

साऱ्या जगाच्या डोळ्यात टॉर्च मारणारा माणूस, अन् त्याला नेमका हाच डोळा बघता येत नाही! आत जखम भरून राहिली आहे की सडून राहिली आहे, काही कळायला मार्ग नाही. उघडून पाहिलं तर सारं फुकट. चिडचिडे झाले नुसते. माझ्या टायपिंगमध्ये चुका काढायला लागले, ज्या होत्या. सक्सेनांचा चष्मा दिवसातून दोनदा तपासला. चमेलीला कॉलेजच्या गोठ्यातच ठेवलं होतं; त्याच्या दारावर खडूनं लिहिलं, "यहाँ मत देखो", तर कॉलेजची सारी पोरं तिथे देखायला यायला लागली.

चमेलीला त्या बंद बाजूनं कोणी गेलं की ती दचकायची. दिसत नव्हतं ना. म्हणून डॉक्टरांनी नियम केला, डावीकडून जायचं तर बोलत जायचं. काहीही बोला, पण बोला. पोरं पाढे म्हणत जायची, मोहन आरती म्हणायचा. अन् डॉक्टर मुद्दाम डावीकडूनच जायचे. दुपारचा डबा घेऊन तिथेच उपड्या बादलीवर बसायचे, तिच्या बंद डोळ्याच्या बाजूला, अन् बोलायचे. कागद सहीला न्यायचे असले की मला तिथेच जावं लागायचं.

"अगं चमेली," एकदा ऐकलं मी, "आज पण खोलीचं काही झालं नाही. झालं की तुला पहिली घेतो. अन् त्या मेसवाल्यानं आज पण भोपळाच दिला आहे. खाशील?" चमेलीनं खाल्ला.

मी म्हटलं, "सर, तुम्ही तिच्याशी मराठी बोलता? तिला समजते?"

"समजायला काहून पाहिजे? आवाज ओळखला म्हणजे झालं."

दुसऱ्या आठवड्यात डोळ्याखालून घाण यायला लागली. पिवळी, चिकट. सक्सेनांनी पाहून स्पष्ट सांगितलं, "सर, अंदर सड़ रही है. निकाल दीजिए आँख, घोड़ी तो बचेगी." सक्सेना वाईट माणूस नाही, त्याला खरंच तसं वाटत होतं. रज्जू रोज येऊन गवत टाकून जायचा, त्यानं हे ऐकलं. दलाल पुन्हा त्याच्या घरी येऊन गेला होता. रज्जू डॉक्टरांसमोर हात जोडून उभा राहिला. "साब, झूठ मत बोलना. सड़ रही है?"

डॉक्टरांनी त्या बटणाकडे पाहिलं. हात वर गेला होता त्यांचा, मी पाहिला. कात्री खिशातच होती. मग हात खाली आला.

"पता नहीं," ते म्हणाले. "सच्ची बात है, मुझे पता नहीं. गंदगी बाहर की भी होती है, अंदर की भी. आज खोला तो पक्का जाएगी. रुका तो... शायद. तेरी घोड़ी है. तू बोल."

इतकी वर्षं ज्यांना डोळ्यातलं सारं माहीत असायचं ते पता नहीं म्हणत होते! रज्जूनं चमेलीच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "आपका बटन लगा है, साब. आप ही खोलना, जब खोलना."

त्या दिवशी डॉक्टर जेवले नाहीत. डबा चमेलीनं खाल्ला.

मध्येच लढाई संपली. एका संध्याकाळी रेडिओवर बातमी आली अन् सारं खमरिया रस्त्यावर. बायकांनी खिडक्यांचे काळे कागद टराटरा फाडले. आमच्या गल्लीत तिवारीजींनी आपली शिट्टी फुंकून फुंकून फोडली, "लाइट चालू करो! चालू करो!" म्हणत. बाबांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, अन् ते रडत रडत हसतही होते. साऱ्या शहराचा श्वास मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात पेढे घेऊन गेली. डॉक्टरांनी पेढा घेतला, तोंडात टाकला नाही, हातातच धरून म्हणाले, "अजून आठ दिवस आहेत."

देशाचं झालं होतं. चमेलीचं बाकी होतं.

अन् तो दिवस आला. सकाळी मी ऑफिसात शिरली तर डॉक्टरांच्या टेबलाशी कोणी दुसराच माणूस उभा! केस पाणी लावून बसवलेले, दाढी गुळगुळीत, पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्री. तो माणूस म्हणाला, "काय ग ठिपके, उशीर?" तेव्हा कळलं, हे तर आपलेच.

व्हरांड्यात पोरं कुजबुजायला लागली. "सर लड़की देखने जा रहे का?" सक्सेना पण गालातल्या गालात हसून राहिले होते. मला राहवलंच नाही. "सर, आज काय आहे?"

"आज चमेलीचा डोळा उघडायचा आहे."

"ते माहीत आहे. पण हा शर्ट?"

डॉक्टर जरा लाजले. खरंच लाजले हो, कानापर्यंत. "अगं, तीन आठवडे मी त्या बाजूला बसून बोललो तिच्याशी. त्या डोळ्यानं तिनं मला पाहिलंच नाही अजून. उघडल्यावर पहिलं काय दिसेल तिला? मी. जरा नीट दिसायला नको?"

"सर, पण उजव्या डोळ्यानं तर पाहिलं असेल ना!"

"ती गोष्ट वेगळी," ते म्हणाले. अन् खिडकीच्या काचेत केस पाहून घेतले.

गोठ्यात सारे जमले होते. रज्जू चमेलीचा लगाम धरून, पण तोंड भिंतीकडे फिरवून उभा. बघवत नाही म्हणाला. मोहन देवाचं नाव घेऊन राहिला होता. सक्सेनांनी टॉर्च तयार धरली. डॉक्टर डावीकडून गेले, बोलत बोलत. "मी आहे ग. मीच आहे. हलू नको." कात्रीनं धागा कापला. बटण गवतात पडलं. तिसरी पापणी हळूहळू, झोपेतून उठल्यासारखी, कोपऱ्यात सरकली.

आतला डोळा धुकटलेला होता. पण होता! सडला नव्हता, फुटला नव्हता, गोल होता, अन् धुक्याच्या मागे काळंभोर काहीतरी चमकून राहिलं होतं. मध्ये मसुरीएवढा एक पांढरा डाग.

"टॉर्च, सर!" सक्सेना घाईनं पुढे झाले.

डॉक्टरांनी हात आडवा केला. "थांबा. आधी तिला पाहू दे."

अन् ते तिच्या डाव्या बाजूला, थोडे पुढे, नुसते उभे राहिले. हात खाली, टॉर्च नाही, बोलणं नाही. फोटो काढायला उभं राहतात तसे, ताठ. चमेलीनं पापणी मिटली, उघडली. पाणी आलं. पुन्हा मिटली, उघडली. गोठ्यात कोणी हलत नव्हतं. मग डॉक्टर गुपचूप एक पाऊल डावीकडे सरकले. चमेलीचा डोळा त्यांच्यामागे सरकला. ते एक पाऊल उजवीकडे आले. डोळा उजवीकडे आला.

"दिसून राहिलं आहे," डॉक्टर म्हणाले, इतक्या हळू की मलाच ऐकू आलं. मग मोठ्यानं, "रज्जू! इधर देख! दिख रहा है इसको!"

रज्जू वळला, अन् त्यानं घोडीच्या गळ्यात तोंड खुपसलं ते काढेचना. मोहननं सक्सेनांना मिठी मारली. पोरांनी टाळ्या वाजवल्या तर डॉक्टर ओरडले, "हळू! दचकेल!" अन् चमेलीनं, काय वाटलं कोण जाणे, मान पुढे केली अन् आपला सारा डोळा, घाण, पाणी सगळं, डॉक्टरांच्या त्या पांढऱ्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत पुसलं. डॉक्टर हलले नाहीत. पुसू दिलं.

मग टॉर्च झाली, तपासणी झाली. डाग राहील, पण घोडी चालेल. टांग्याला चालेल. सोमवारपासून थोडं थोडं जुंप, चढावर सवारी उतरव, असं रज्जूला सांगून डॉक्टर ऑफिसकडे निघाले. मी कागद घेऊन त्यांच्या मागे.

तेव्हा मला दिसलं. शर्टाच्या पाठीवर, कॉलरच्या खाली, इस्त्रीच्या आकाराचा एक मोठा तपकिरी डाग. चांगला जळालेला.

"सर," मी म्हटलं, "शर्ट कोणी इस्त्री केला?"

"मीच. काहून?"

"पाठीवर जळला आहे."

"माहीत आहे," डॉक्टर चालता चालता म्हणाले. "पुढून झाल्यावर मागून जळला. म्हटलं राहू दे. मागून कोण बघते मला?"

काही दुःखानं नाही म्हणाले. आज पाऊस नाही, इतक्या सहज. अन् तिसरी पापणी किती छान सरकली ते सांगायला लागले.

व्हरांड्यात पोरांची रांग उभी होती, सरांना बघायला. मी पावलं उचलली, डॉक्टरांच्या अगदी मागे गेली, कागद छातीशी उंच धरले, अन् ऑफिसच्या दारापर्यंत त्यांच्या पाठीला लागूनच चालली.